२७ विजयांचे पारडे : १९९० च्या साय यंग मतदानाचा फेरहिशेब

प्रश्न : मी अनेक वर्षे बॉस्टनजवळ राहतो आणि घरात सगळेच रेड सॉक्स या तिथल्या बेसबॉल संघाचे चाहते आहेत. १९९० साली अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे बेसबॉलमधील गोलंदाजाचा, साय यंग पुरस्कार ओकलंडच्या बॉब वेल्चला मिळाला आणि आमच्या रॉजर क्लेमेन्सला डावलले गेले, असे मी म्हणतो. माझे एक स्नेही उलट विचारतात, की एका हंगामात २७ सामने जिंकणाऱ्याला सोडून पुरस्कार आणखी कोणाला द्यायचा? भारतातील वाचकांनाही समजेल अशा रीतीने, आकड्यांच्या आधारे आपण या वादाचा निवाडा करावा.

उत्तर : माझ्या मते १९९० चा तो पुरस्कार क्लेमेन्सला मिळायला हवा होता. असे म्हणण्यासाठी नंतरच्या काळात निघालेल्या नव्या मोजमापांची गरजही पडत नाही, कारण हंगाम चालू असताना वर्तमानपत्रांत जे तक्ते छापून येत होते, त्यांतच हे उत्तर होते. मात्र आपल्या स्नेह्यांचा प्रश्न धुडकावून लावण्यासारखा नाही. २७ हा आकडा खरोखर मोठा आहे. वेल्चनंतर आजपर्यंत एकाही पिचरला एका हंगामात २५ विजय मिळवता आलेले नाहीत. त्यामुळे मतदारांचे डोळे त्या आकड्यावर का खिळले हे समजून घेतले पाहिजे.

भारतातील वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी देतो. साय यंग या पिचरच्या नावावर कारकिर्दीत ५११ विजय आहेत आणि हा विक्रम कधी मोडेल असे कोणाला वाटत नाही. त्याच्या नावाचा पुरस्कार १९५६ पासून दिला जातो आणि १९६७ पासून अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये स्वतंत्रपणे दिला जातो. निवड बेसबॉलचे वार्तांकन करणारे पत्रकार करतात. १९९० साली अमेरिकन लीगमध्ये १४ संघ होते आणि प्रत्येक संघाच्या शहरातून दोन, असे २८ पत्रकार मतदार होते. प्रत्येकाने पसंतीक्रमाने तीन नावे लिहायची आणि त्यांना अनुक्रमे ५, ३ आणि १ गुण मिळायचा. वेल्चला १५ पहिल्या पसंतींसह १०७ गुण मिळाले, क्लेमेन्सला ८ पहिल्या पसंतींसह ७७, आणि वेल्चचाच संघसहकारी डेव्ह स्टुअर्ट याला ३ पहिल्या पसंतींसह ४३. म्हणजे निकाल अटीतटीचा नव्हता. मतदारांनी विचारपूर्वक, स्पष्ट बहुमताने वेल्चला निवडले होते.

आता 'विजय' म्हणजे काय ते पाहू, कारण सगळी गोम तिथेच आहे. बेसबॉलमध्ये संघ जिंकला की त्या विजयाचे श्रेय नियमाने एका पिचरच्या खात्यावर लिहिले जाते. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान पाच इनिंग (इनिंग म्हणजे तीन बाद होईपर्यंतची पाळी; सामना नऊ इनिंगचा) टाकल्या, तो मैदान सोडताना संघ आघाडीवर असला आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली, तर विजय त्याचा. यातल्या पहिल्याच अटीवर त्याचा ताबा असतो. आपल्या संघाने किती धावा करायच्या हे त्याच्या हाती नसते, आणि तो गेल्यावर येणारा बदली पिचर, म्हणजे रिलीव्हर, आघाडी राखील की घालवील, हेही त्याच्या हाती नसते. आठ इनिंगमध्ये एकच धाव देऊन १-० असा हरणारा पिचर पराभवाचा धनी होतो, आणि पाच इनिंगमध्ये पाच धावा देऊनही संघाने नऊ केल्या तर दुसऱ्याच्या खात्यावर विजय जमा होतो.

क्रिकेटमधले उदाहरण घ्यायचे तर नाशिकच्या बापू नाडकर्णींचे घेऊ. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी एका डावात ३२ षटके टाकली, त्यातली २७ निर्धाव होती आणि दिलेल्या धावा होत्या फक्त ५. लागोपाठ २१ निर्धाव षटकांचा तो मारा आजही सांगितला जातो. तो सामना अनिर्णित राहिला. गोलंदाजाची योग्यता संघाच्या विजयांवरून मोजायची ठरवली, तर त्या ३२ षटकांची किंमत शून्य येईल. क्रिकेटमध्ये आपण असा हिशेब कधी करत नाही. बेसबॉलमध्ये मात्र शंभर वर्षे तो केला गेला.

आता दोघांचे खाते शेजारी मांडू. वेल्च : २७ विजय, ६ पराभव, २३८ इनिंग, त्याच्या जबाबदारीवर (क्षेत्ररक्षणातील चुका वगळून) लिहिलेल्या धावा ७८. क्लेमेन्स : २१ विजय, ६ पराभव, २२८ इनिंग आणि वर एक बाद, जबाबदारीच्या धावा ४९. नऊ इनिंगमागे या धावांची सरासरी काढली की वेल्चची २.९५ येते आणि क्लेमेन्सची १.९३. त्या वर्षी अमेरिकन लीगची एकूण सरासरी चारच्या किंचित खाली होती. म्हणजे वेल्च चांगलाच होता. पण क्लेमेन्स लीगच्या सरासरीच्या निम्म्या धावा देत होता.

हा फरक किती मोठा आहे ते मी कागदावर असे मांडून पाहिले. क्लेमेन्सच्या सरासरीने वेल्चइतक्याच २३८ इनिंग टाकल्या असत्या, तर सुमारे ५१ धावा गेल्या असत्या. वेल्चने ७८ दिल्या. हा फरक २७ धावांचा, म्हणजे ज्या संख्येने मतदारांना भुरळ घातली नेमका तेवढाच, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. बेसबॉलमध्ये साधारणपणे दहा धावांच्या फरकाला एका सामन्याची किंमत धरतात. त्या हिशेबाने एवढ्यानेच जवळजवळ तीन सामन्यांचे अंतर पडते.

यात अजून मैदानांचा विचार केलेला नाही. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडची ३७ फूट उंच हिरवी भिंत फलंदाजाच्या इतकी जवळ आहे, की एरवी झेल ठरणारे कितीतरी फटके तिच्यावर आदळून फलंदाजाला दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या वाटेवरील दुसऱ्या टप्प्यापर्यंत, नेतात. ओकलंडच्या मैदानावर रेषेबाहेरची मोकळी जागा प्रचंड होती आणि इतरत्र प्रेक्षकांत जाणारे उंच फटके तिथे झेलले जात. क्लेमेन्सने १.९३ ची सरासरी फलंदाजांना धार्जिण्या मैदानावर काढली, तर वेल्चने २.९५ ची पिचरला धार्जिण्या मैदानावर. मैदान, क्षेत्ररक्षण आणि टाकलेल्या इनिंग यांचा एकत्रित हिशेब करून एखाद्या कामचलाऊ पर्यायी खेळाडूपेक्षा या खेळाडूने संघाला किती विजय अधिक मिळवून दिले, हे सांगणारे 'वॉर' नावाचे आजचे मोजमाप आहे. त्यात त्या हंगामासाठी क्लेमेन्सचा आकडा दहाच्या वर जातो आणि वेल्चचा तीनच्या आसपास राहतो. वॉर काढण्याच्या एकाहून अधिक पद्धती आहेत आणि त्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, हे खरे. पण दहा आणि तीन यांमधील दरी पद्धत बदलून बुजण्यासारखी नाही.

तरीही आपले स्नेही म्हणतील, की धावा कितीही दिल्या तरी वेल्चला सामना जिंकायचे कसब होते. या युक्तिवादाला सर्वांत चोख उत्तर क्लेमेन्सच्या आकड्यांत मिळत नाही, ते ओकलंडच्या ड्रेसिंग रूममध्ये मिळते. डेव्ह स्टुअर्टने त्याच हंगामात, त्याच संघाकडून, त्याच मैदानावर, त्याच क्षेत्ररक्षकांपुढे २६७ इनिंग टाकल्या आणि ७६ धावा दिल्या. वेल्चपेक्षा २९ इनिंग अधिक, आणि धावा दोन कमी. त्याने ११ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले; वेल्चने दोन. जूनमध्ये टोरांटोला त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट (चेंडू मारून सुरक्षित गाठलेला बेस) मिळू दिली नाही. आणि त्याच्या खात्यावर काय लिहिले गेले? २२ विजय आणि ११ पराभव. वेल्चपेक्षा पाच विजय कमी, पाच पराभव जास्त. एकाच संघातील दोन पिचरांपैकी ज्याने अधिक काम अधिक चांगले केले त्याच्या वाट्याला कमी विजय आले असतील, तर विजयांचा आकडा पिचरची गुणवत्ता मोजत नाही, एवढे कबूल करावेच लागते. वेल्च लीगमध्ये तर सोडाच, आपल्या संघातही त्या वर्षीचा सर्वोत्तम स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, नव्हता.

वेल्चच्या विजयांमागे आणखी एक हात होता, तो डेनिस एकर्स्लीचा. वेल्चने सुरू केलेल्या ३५ सामन्यांपैकी ३३ सामने दुसऱ्या कोणीतरी संपवले, आणि ओकलंडकडे तो दुसरा म्हणजे बहुधा एकर्स्ली असे. त्याने त्या हंगामात आघाडी राखण्याच्या ५० संधींपैकी ४८ साधल्या, ७३ इनिंगहून अधिक टाकूनही फक्त चार फलंदाजांना वॉक (चार चेंडू भरकटल्याने मिळणारा फुकटचा बेस) दिला आणि त्याची धावांची सरासरी होती ०.६१. वेल्चने सातव्या किंवा आठव्या इनिंगपर्यंत जपलेली आघाडी ओकलंडमध्ये सहसा वाया जात नसे. अशा संघाने १०३ सामने जिंकले, त्यातले २७ वेल्चच्या नावावर लिहिले गेले.

एक गोष्ट मला विशेष बोलकी वाटते. त्याच शरद ऋतूत लीगच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूसाठी पत्रकारांचेच स्वतंत्र मतदान झाले. त्यात ओकलंडचा रिकी हेंडरसन पहिला आला, डेट्रॉइटचा सेसिल फील्डर दुसरा, आणि तिसरा होता रॉजर क्लेमेन्स. वेल्च नववा आला. प्रश्न 'संघाला कोणाचा उपयोग अधिक झाला' असा विचारला तेव्हा पत्रकारांना क्लेमेन्स पुढे दिसला, आणि प्रश्न 'सर्वोत्तम पिचर कोण' असा झाला की त्यांची नजर विजयांच्या रकान्याकडे वळली. सवयीचा पगडा किती खोलवर होता, ते यावरून कळते.

प्रश्न : मी पुण्यात क्लब क्रिकेटचा स्कोअरर आहे. आजची मोजमापे घेऊन तेव्हाच्या लोकांना चूक ठरवणे हा अन्याय नाही का? शिवाय, क्लेमेन्स त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जायबंदी होता असे वाचल्याचे आठवते. संघाला गरज असताना जो मैदानावर नव्हता, त्याला सर्वोत्तम कसे म्हणायचे?

उत्तर : आपले दोन्ही आक्षेप मोलाचे आहेत.

पहिल्याबद्दल : वॉरसारखे मोजमाप मतदारांच्या हाती नव्हते, म्हणून ते वापरले नाही याचा दोष त्यांना देता येणार नाही. परंतु वर मी जो मुख्य हिशेब मांडला त्यात इनिंग, धावा आणि नऊ इनिंगमागची सरासरी याखेरीज काही नाही, आणि ही सरासरी १९१० च्या दशकापासून दोन्ही लीग अधिकृतपणे नोंदवत आल्या आहेत. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी १९८० च्या संपूर्ण दशकात, विजयांचा आकडा पिचरच्या पाठीशी किती धावा होत्या हेच मुख्यतः सांगतो, असे पुन्हा पुन्हा लिहिले होते आणि त्यांचा वाचकवर्ग मोठा होता. १९८७ चे उदाहरणही ताजे होते : ह्यूस्टनच्या नोलन रायनची सरासरी नॅशनल लीगमध्ये सर्वोत्तम, २.७६, स्ट्राइकआउटही (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) सर्वाधिक, २७०, आणि तरीही खात्यावर ८ विजय व १६ पराभव. हे आकडे डोळ्यांसमोर असताना विजयांच्या रकान्यावर विसंबणे ही माहितीची उणीव नव्हती. पण त्या मतदारांनी कोणाची मर्जी राखली असे मी म्हणत नाही. त्यांनी प्रामाणिकपणे, लहानपणापासून मनावर ठसलेल्या मापाने मत दिले.

दुसऱ्याबद्दल : खांद्याच्या दुखण्याने क्लेमेन्स सप्टेंबरचा मोठा भाग बाहेर होता, हे खरे आहे. त्याने ३१ सामने सुरू केले, वेल्चने ३५. पण आपण स्कोअरर आहात, म्हणून आपल्याला हे लगेच उमगेल, की चार सामने कमी खेळूनही त्याच्या इनिंग फक्त दहाने कमी भरल्या, कारण प्रत्येक सामन्यात तो जास्त वेळ टिकत होता. सात सामने त्याने एकट्याने पूर्ण केले. गैरहजेरीची किंमत इनिंगच्या आकड्यात आधीच वसूल झालेली आहे; ती पुन्हा एकदा त्याच्या नावे टाकली तर एकाच चुकीचा दंड दोनदा घेतल्यासारखे होईल. आणि बॉस्टनने ८८ विजयांवर आपला विभाग जिंकला, तोही दुखणे सोसून परतलेल्या क्लेमेन्ससह.

प्रश्न : मी कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकते. पिचरचे स्वतःचे कर्तृत्व आणि क्षेत्ररक्षकांचे कर्तृत्व वेगळे काढण्याची काही साधी रीत आहे का? १९९० ला ती लावल्यास निकाल बदलतो का?

उत्तर : रीत आहे आणि ती कागद-पेन्सिलीने करता येते. शतकाच्या वळणावर व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने असे दाखवले, की चेंडू बॅटला लागून मैदानात पडला की पुढे हिट होईल की बाद, यावर पिचरचा प्रभाव समजला जातो त्याहून बराच कमी असतो. पूर्णपणे त्याच्या पदरात टाकता येतील अशा घटना मुख्यतः तीन : स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा मैदानाबाहेर गेलेला फटका). या विचारातून निघालेल्या सूत्रात होमरनची संख्या १३ ने, वॉकची ३ ने गुणून बेरीज करतात, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करतात आणि इनिंगने भागतात. शेवटी लीगप्रमाणे एक स्थिरांक मिळवतात, पण तुलनेसाठी तो सोडला तरी चालतो.

क्लेमेन्सचे २०९ स्ट्राइकआउट, ५४ वॉक आणि ७ होमरन. उत्तर उणे ०.७ च्या जवळ येते. वेल्चचे १२७ स्ट्राइकआउट, ७७ वॉक आणि २६ होमरन. उत्तर अधिक १.३ च्या जवळ. म्हणजे क्षेत्ररक्षकांचा हिस्सा बाजूला केल्यावर नऊ इनिंगमागे दोन धावांचे अंतर दिसते, तर प्रत्यक्ष सरासरीत ते एकाच धावेचे होते. निकाल बदलत नाही, उलट पक्का होतो. मूळ सूत्रात चेंडू अंगावर लागून मिळणारा बेसही वॉकबरोबर धरतात. तो मी सोपेपणासाठी वगळला आहे, आणि त्याने चित्र हलत नाही. सात होमरन हा आकडा मात्र जरा थांबून पाहा. फेनवेच्या त्या भिंतीसमोर अर्धा हंगाम खेळून, २२८ इनिंगमध्ये सात. मला त्या हंगामातला हा सर्वांत थोर आकडा वाटतो, आणि तो कोणत्याही बातमीच्या मथळ्यात नव्हता.

प्रश्न : अशा चुकांतून मतदार काही शिकले का?

उत्तर : शिकले, पण सावकाश. २००५ साली २१ विजय मिळवणाऱ्या बार्टोलो कोलोनला ३.४८ सरासरी असूनही पुरस्कार मिळाला आणि २.८७ सरासरीचा योहान सांताना १६ विजयांसह मागे राहिला. पाच वर्षांनी वारे फिरले. २०१० मध्ये सिएटलच्या फेलिक्स हर्नांडेझचे विजय होते १३ आणि पराभव १२. त्याच्या संघाने १६२ सामन्यांत केवळ ५१३ धावा केल्या आणि १०१ सामने गमावले. पण त्याची सरासरी २.२७ होती आणि २८ पैकी २१ मतदारांनी, २१ विजय मिळवणाऱ्या सीसी सबाथियाला मागे ठेवून, त्याचे नाव पहिले लिहिले. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने १० विजय, ९ पराभव आणि १.७० सरासरी असा हंगाम केला, तेव्हा ३० पैकी २९ मतदारांनी त्यालाच निवडले. हाच डीग्रॉम १९९० च्या मतदारांपुढे उभा राहिला असता, तर त्याला पहिली पसंती मिळाली असती का, याची मला शंका आहे.

प्रश्न : क्लेमेन्सवर पुढे उत्तेजक द्रव्यांचे आरोप झाले. तरीही आपण मत त्यालाच द्याल? आणि आपल्या मतपत्रिकेवर बाकीची दोन नावे कोणती असती?

उत्तर : आरोप झाले ते १९९८ आणि नंतरच्या काळाबद्दल, आणि त्याने ते नाकारले आहेत. १९९० च्या हंगामाचा निवाडा त्या हंगामातील खेळावरच व्हावा, असे मला वाटते. बॉब वेल्चबद्दलही माझ्या मनात आदरच आहे. १९७८ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणी रेगी जॅक्सनला स्ट्राइकआउट करणारा हा पिचर तरुणपणीच दारूच्या व्यसनात सापडला, त्यातून बाहेर आला, ते उघडपणे लोकांना सांगितले, आणि २११ विजयांनिशी कारकीर्द संपवली. २०१४ मध्ये, ५७ व्या वर्षी तो गेला. मिळालेला पुरस्कार त्याचाच राहणार आहे, कारण जुने निकाल बदलले जात नाहीत.

माझ्या मतपत्रिकेवर पहिला क्लेमेन्स असता आणि तिसरा स्टुअर्ट. दुसऱ्या जागी मी कॅलिफोर्निया एंजल्सच्या चक फिन्लीचे नाव लिहिले असते : १८ विजय, ९ पराभव, २३६ इनिंग आणि २.४० सरासरी. इनिंग जवळजवळ वेल्चइतक्याच, धावा पुष्कळ कमी. त्याचा संघ मात्र निम्मे सामनेही जिंकू शकला नाही. फिन्लीला त्या मतदानात मिळालेला गुण होता एक. म्हणजे २८ पत्रकारांपैकी एकाने त्याचे नाव तिसऱ्या क्रमांकावर लिहिले आणि उरलेल्या २७ जणांच्या मतपत्रिकांवर ते कुठेच नव्हते.